जुन्या शेवी पिकअपचं हलणारं स्टेअरिंग, ऑनलाइन मागवलेला टूल सेट आणि माझे दोन शनिवार

ज्यांना फक्त निकाल पाहिजे त्यांच्यासाठी आधीच सांगतो, टूल सेट घ्या, पाचपैकी साडेतीन, पैसे वसूल झाले. पण त्यात एक पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं टूल) आहे तो कचरा आहे आणि जे सॉकेट सगळ्यात जास्त लागतं तेच सेटमध्ये नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. आता ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी पुढे वाचा, कारण हे काम मी आधी वाचून केलं असतं तर एका शनिवारात झालं असतं.

गाडी १९८४ ची शेव्हरोले सी१०. १९७३ ते १९८७ च्या ज्या चौकोनी पिकअप आहेत ना, ज्यांना इथे अमेरिकेत सगळे स्क्वेअर बॉडी म्हणतात, त्यातली. ५ लिटरचं ३०५ व्ही८ इंजिन, गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच, आणि टिल्ट स्टेअरिंग, म्हणजे वर खाली तिरकं करता येणारं. व्हीआयएन म्हणजे गाडीचा ओळख नंबर, त्यातलं अकरावं अक्षर एफ आहे म्हणजे फ्लिंटच्या प्लांटमध्ये बनलेली, आणि मी राहतो तिथून फ्लिंट जेमतेम पाऊण तास. पण गाडी मी आणली ॲरिझोनामधून, कारण मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर इतकं मीठ टाकतात की इथलीच ४० वर्षांची पिकअप घेतली तर खालून हात लावला की पापडासारखी चुरा होते. तर माझी गंजमुक्त आहे, रंग उन्हाने उडालाय पण पत्रा खणखणीत. वर्षाचे आठ महिने मी ती भाजी आणायला पण काढतो आणि आपल्या लोकांच्या गणपतीला मखर, टेबलं, फोल्डिंगच्या खुर्च्या सगळं हिच्यातूनच जातं.

आता प्रॉब्लेम. गेल्या वर्षभरात स्टेअरिंग हळूहळू ढिल्लं होत गेलं. म्हणजे चाकं वळवताना नाही, स्टेअरिंगचं अख्खं डोकंच हलायचं, वर खाली डावीउजवीकडे, एखाद्याचा दात हलतो तसं. गिअर टाकताना दांड्याबरोबर सगळंच पुढे यायचं. बायको एकदा शेजारी बसली होती, ती म्हणाली हे तुझ्या हातात निघून आलं तर काय करायचं, मी म्हटलं असं होत नाही गं, आणि त्याच रात्री झोप लागली नाही.

जवळच्या एका गॅरेजला दाखवली, नाव घेत नाही. त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर स्टेअरिंग बॉक्सवरचा (खाली फ्रेमला बसवलेला, चाकं वळवणारा डबा) ॲडजस्टमेंटचा स्क्रू थोडा कसून दिला, १२० डॉलर. फरक शून्य, उलट वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ यायचं ते यायला कुरकुर करायला लागलं. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणे कॉलमच बदला, म्हणजे स्टेअरिंग ज्याच्यावर बसतं ती शाफ्टसकट अख्खी नळी, रिबिल्ट कॉलम आणि मजुरी धरून ९५० च्या आसपास. मी तिथून निघालो आणि इचलकरंजीला काकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांनी ३० वर्षं मेटॅडोर आणि टेम्पो दुरुस्त केलेत, आता गुडघे गेलेत पण डोकं तसंच. त्यांना स्टेअरिंग हलवून दाखवलं तर पहिलं वाक्य काय, "आरं हलतंय म्हंजे कुटं हलतंय ते आदी बघ की, वर का खाली? हलतंय म्हणून सगळंच बदलाय निघालास व्हय?"

या एका प्रश्नाने माझे ९०० डॉलर वाचले. तुम्ही पण हेच करा. गाडी बंद ठेवून, स्टेअरिंग लॉक करून, दोन्ही हातांनी धरून वर खाली ओढा. टिल्टच्या सांध्याच्या वरचा सगळा भाग, म्हणजे इंडिकेटरची दांडी, किल्लीचं भोक, सगळं एकत्र हलतंय का बघा. हलत असेल तर दोष कॉलमच्या आत, वरच. डोकं घट्ट आहे पण स्टेअरिंग दोन बोटं फिरवलं तरी चाकं हलत नाहीत असं असेल तर मग खाली बघायचं, कॉलमचा शाफ्ट आणि बॉक्स यांच्यामध्ये रबर आणि कापडाच्या थराची एक चकती असते, तिला इथे रॅग जॉइंट म्हणतात, ती फाटते. किंवा मग बॉक्स झिजलेला. आणि दोन्ही बाजूंनी खेळ असेल तर दोन्ही, नशीब तुमचं.

माझं डोकंच हलत होतं. आणि जीएमच्या, म्हणजे शेव्हरोले ज्यांची त्या जनरल मोटर्सच्या, टिल्ट कॉलमचं हे दुखणं इतकं कॉमन आहे की या गाड्या वापरणारा कोणीही म्हातारा झोपेत सांगेल. हे कॉलम जीएमच्याच सॅगिनॉ नावाच्या डिव्हिजनने बनवले, सॅगिनॉ गाव इथून वर उत्तरेला. आतमध्ये एक सपोर्टचा तुकडा आहे जो चार बोल्टनी कॉलमच्या नळीला बसवलेला असतो, आणि ते चार बोल्ट वर्षानुवर्षांनी सैल होतात. बस एवढंच. नवीन काही लागत नाही, चार बोल्ट कसायचे. ते सैल का होतात तर गाडीत चढताना लोक स्टेअरिंगला लोंबकळून चढतात म्हणून, आणि हो, मी पण लोंबकळूनच चढायचो, दारात हँडल आहे ते मला हे सगळं झाल्यावर दिसलं.

चार बोल्ट कसायचे म्हणजे दहा मिनिटांचं काम वाटलं ना, मला पण वाटलं. ते बोल्ट सगळ्यात आत आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायला स्टेअरिंग काढा, लॉक प्लेट काढा, इंडिकेटरचा स्विच काढा, किल्लीचं कुलूप काढा, कव्हर काढा, टिल्टची स्प्रिंग काढा, दोन पिना ओढा, मग डोकं निघतं आणि मग ते बोल्ट दिसतात, आणि ते पण साधे नाहीत, उलट्या टॉर्क्सचे, म्हणजे बोल्टच्या डोक्यात चांदणीची खाच नसून डोकंच बाहेरून चांदणीच्या आकाराचं. ई८ मापाचं सॉकेट लागतं. आपल्या रिंग पान्याने होत नाही, पक्कडीने तर विचार पण करू नका.

म्हणून हा टूल सेट. ऑनलाइन ४३ डॉलरला मिळाला, लाल प्लॅस्टिकचा डबा, आत स्टेअरिंग ओढायचा पुलर, लॉक प्लेट दाबायचं टूल, पिवटच्या पिना (ज्यांच्यावर टिल्टचं डोकं फिरतं त्या) ओढायचा छोटा पुलर, आणि चार पाच जातीचे बोल्ट. कंपनीचं नाव सांगत नाही कारण हाच डबा पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, फोटो पण तोच. माहितीपत्रक म्हणून एक कागद आहे त्याच्यावर बाण दाखवलेत पण बाण कशाकडे आहेत ते समजत नाही.

स्टेअरिंगचा पुलर एक नंबर, तक्रार नाही. बॅटरीची मायनस वायर आधी काढली (हॉर्नच्या स्प्रिंगला हात लागला की गल्लीभर आवाज होतो म्हणून सांगतोय, आणि शॉर्ट पण होतं), या गाड्यांमध्ये एअरबॅग नाही त्यामुळे ती भीती नाही. हॉर्नची टोपी काढली, मधला नट काढला, शाफ्टवर आणि स्टेअरिंगवर पांढऱ्या मार्करने रेघ मारली की परत त्याच जागी बसेल, आणि पुलर लावून फिरवला की टक् आवाज होऊन स्टेअरिंग हातात. इथे एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे, शाफ्टवर हातोडी मारू नका. आपल्याकडची सवय असते, निघत नाही तर दोन ठोके टाक. या कॉलमच्या आत प्लॅस्टिकच्या पिना असतात, ॲक्सिडेंट झाला तर त्या तुटून अख्खा कॉलम आत दबतो म्हणजे छातीत घुसत नाही, ही जीएमने १९६७ च्या मॉडेलपासून कार्समध्ये आणलेली गोष्ट. ठोके मारले तर पिना तिथेच तुटतात आणि मग खरंच कॉलम बदलावा लागतो.

लॉक प्लेटचं टूल हा या सेटचा जीव आहे. लॉक प्लेट म्हणजे खाचा असलेली जाड चकती, किल्ली काढल्यावर ज्याच्यात खिळ अडकून स्टेअरिंग लॉक होतं. १९७३ ला नवीन बॉडी आली तेव्हा पिकअपमध्ये इग्निशन डॅशबोर्डवरून कॉलमवर गेलं, त्याच्याआधीच्या गाडीवाल्यांना हा भाग नाही, सुखी माणसं. या चकतीखाली जोरदार स्प्रिंग आहे आणि वर सी आकाराची रिंग, सर्क्लिपची चुलत बहीण. टूल शाफ्टवर आट्यांनी बसतं, नट कसला की चकती खाली दबते आणि मग रिंग पेचकसने उचकटायची. इथे माझी ४० मिनिटं गेली, टूल बसेचना, मी समजलो आटे खराब आहेत. तर शाफ्टचे आटे दोन प्रकारचे असतात, जुन्यांना इंचाचे आणि नंतरच्यांना मेट्रिक, आणि डब्यात दोन्हीचे स्क्रू होते, मी चुकीचा लावत होतो. कागदावर हे लिहिलं असतं तर शिव्या कमी दिल्या असत्या. रिंग उचकटताना चष्मा घाला, माझी रिंग उडाली ती सीलिंगला लागून वॉशिंग मशीनच्या मागे, तासभर ती शोधण्यात.

त्याच्या पुढचं भराभर सांगतो. इंडिकेटरच्या स्विचचे तीन स्क्रू, वायर लांब आहे तेवढी वर ओढून स्विच बाजूला लोंबकळत ठेवला, पूर्ण काढायची गरज नाही. किल्लीचा बझर वाजवणारा छोटा स्विच पेपरक्लिप वाकवून काढायचा आणि किल्लीचं कुलूप एका स्क्रूने धरलेलं असतं तो काढायचा. हे १९७९ पासूनच्यांना, त्याच्या आधीच्यांना स्क्रू नाही, फटीतून बारीक पेचकस घालून आतली पट्टी दाबावी लागते. स्क्रू छोटा आहे, तो कॉलममध्ये पडला तर संपलं, म्हणून मी सगळीकडे जुनं धोतर, म्हणजे काकांच्या भाषेत, फडकं कोंबून ठेवलं होतं.

आणि टिल्टची स्प्रिंग. ती काढताना टिल्ट वरच्या पोझिशनला ठेवा, म्हणजे स्प्रिंग जितकी सैल होते तितकी होते, तरी जोर आहेच. मोठा फिलिप्स पेचकस दाबून थोडा फिरवला की टोपी सुटते, हात ढिला सोडू नका, चेहरा लांब. माझ्या मुलाला मी गॅरेजमधून बाहेर पाठवलं होतं या वेळी आणि चांगलं केलं.

आता तो पिवट पिनचा पुलर. दोन बाजूंना दोन पिना, त्यांच्यात आतून बारीक आटे, त्या ओढून काढल्या की डोकं सुटतं. सेटमधला पुलर पहिल्या पिनेवर चालला, दुसऱ्या पिनेवर त्याचा स्क्रूच पिळवटला. लोण्याचं लोखंड. सुदैवाने पिनेच्या आत तुटला नाही नाहीतर आज हा रिव्ह्यू नसता, रडगाणं असतं. मग हार्डवेअरच्या दुकानातून त्याच आट्यांचा कडक स्टीलचा बोल्ट, वर एक जुनं सॉकेट उभं ठेवून, त्याच्यावर दोन वायसर आणि नट, असा देशी पुलर केला, खर्च २ डॉलर सुद्धा नाही, आणि पिन लोण्यातून केस निघावा तशी निघाली. म्हणून म्हणतो हा पुलर वापरूच नका, पहिल्यापासून सॉकेटवालाच करा. अर्धा स्टार याच्यासाठी आणि एक ई८ नाही म्हणून कापला.

ई८ साठी मला पार्ट्सच्या दुकानात जावं लागलं आणि तिथे कळलं की ऑटोझोन, ओ'रायलीसारख्या दुकानात हे स्टेअरिंगचे पुलर डिपॉझिट भरून घरी नेता येतात, परत दिलं की पूर्ण पैसे परत. म्हणजे ४३ डॉलर पण वाचले असते. पण खरं सांगू का, दोन शनिवार लागले त्यात टूल घरी होतं याचा फायदा झाला, परत द्यायची घाई नव्हती, आणि गॅरेजमध्ये डबा ठेवला की बरं वाटतं, हा आजार ज्यांना आहे त्यांना कळेल.

डोकं निघालं, चार बोल्ट दिसले. चारातले तीन बोटाने फिरत होते. चौथा अर्धा बाहेर आलेला. मी एवढे दिवस हायवेवर ११० किलोमीटरच्या स्पीडने हे घेऊन फिरत होतो, मुलगा शेजारी बसवून. काकांना फोटो पाठवला तर उत्तर फक्त, "बघ." नंतर पाच मिनिटांनी अजून एक, "येकेक काढ, साफ कर, मग लाव. नुस्ता कसू नको, परत सैल व्हतंय." तेच केलं, एकेक बोल्ट काढून ब्रेक क्लीनरने तेल ग्रीस साफ, आटे कोरडे, आणि निळं लॉकटाइट, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा गोंद, लावून घट्ट. लाल लावू नका, पुन्हा कधी उघडायचं झालं तर गरम केल्याशिवाय निघत नाही आणि तिथे आत गरम करायला जागा आहे का.

उघडलंय तर म्हणून वरचं बेअरिंग पण बदललं, १८ डॉलरचा किट, ठीक आहे, जुनं इतकं वाईट नव्हतं. आणि नवीन इंडिकेटर स्विच मागवला होता २६ डॉलरचा, दुसऱ्या एका ऑनलाइन दुकानातून, तो मात्र अजिबात घेऊ नका त्या स्वस्तातल्यातला. वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंदच होईना, प्लॅस्टिक इतकं पातळ की दांडी लावताना वाकलं. परत पाठवला, पैसे मिळाले पण पोस्टाचा खर्च माझा. ४० वर्षांपूर्वीचा ओरिजिनल स्विच साफ करून परत बसवला, मस्त चालतोय. जुन्या गाडीचा चालणारा ओरिजिनल पार्ट कधी फेकू नका, डब्यात ठेवा.

परत जोडताना माझी एक चूक झाली ती सांगतो कारण याच्यात दुसरा शनिवार गेला. किल्ली फिरवली की कॉलमच्या वरचा एक दातेरी तुकडा फिरतो, तो एका दातेरी पट्टीला ओढतो, आणि पट्टी एका लांब सळईने खाली कॉलमवर बसवलेल्या खऱ्या इग्निशन स्विचला सरकवते. म्हणजे किल्लीजवळ इग्निशनची वायर नाहीच, सगळं सळईने चालतं. मी डोकं बसवताना दात एकाने पुढे बसले. सगळं जोडून, स्टेअरिंग लावून, बॅटरी लावून, देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली तर स्टार्टपर्यंत जाईचना. परत सगळं उघडा. दुसऱ्या वेळी मात्र दीड तासात उघडलं, हात बसला होता, रिंग पण उडाली नाही. तर डोकं बसवल्यावर पुढचं काही लावायच्या आधी कुलूप घालून किल्ली सगळ्या पोझिशनला फिरवून बघा, सळई खाली स्विचमध्ये नीट अडकलीय का ते टॉर्च मारून बघा.

आता स्टेअरिंग भिंतीला ठोकल्यासारखं घट्ट. गिअर टाकताना पहिल्यांदा मला हसूच आलं, दांडा हलतो आणि बाकी काहीच हलत नाही. बायकोने स्वतः ओढून बघितलं, मान हलवली, आणि म्हणाली, एवढ्यासाठी दोन शनिवार?

खर्चाचा हिशोब, टूल सेट ४३, ई८ सॉकेट ९, बेअरिंग १८, लॉकटाइट आणि ब्रेक क्लीनर मिळून १४, देशी पुलर २. गॅरेजचे १२० वाया गेले ते वेगळे. ज्यांना हात काळे करायचेच नाहीत त्यांच्यासाठी नवीन कॉलम मिळतात, इथेच मिशिगनमध्ये टेकमसेला आयडिडिट म्हणून कंपनी आहे ती जुन्या गाड्यांसाठी नवे कॉलमच बनवते, एका मित्राने बसवलाय, चकचकीत आहे, पण ते सगळं बदलायचं असेल तर, चार बोल्टसाठी नाही.

अजून एक, खाली घुसलातच तर स्टेअरिंग बॉक्स जिथे फ्रेमला बसतो तिथे फ्रेमला चिरा गेल्यात का ते बघा, विशेषतः फोर बाय फोर असेल आणि मोठी चाकं लावली असतील तर. माझी टू व्हील ड्राइव्ह आहे, चिरा नाहीत. पण रॅग जॉइंटचं रबर मात्र कडेने सुटायला लागलंय, तो मागवलाय, मंगळवारी येतोय. आणि गॅरेजवाल्याने कसलेला तो बॉक्सवरचा स्क्रू मी होता तिथे परत आणला, नशिबाने जुन्या ग्रीसवर मूळ जागेची खूण राहिली होती.